दादऱ्यातला तणाव आणि हेगचा निकाल

22 जुलै 1954 रोजी उजाडले तेव्हा, तोवर पोर्तुगीज अमलाखाली असलेले दादरा ‘युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स’च्या स्वयंसेवकांच्या ताब्यात होते. 2 ऑगस्टला नगर हवेलीतले सिल्वासाही मुक्त झाले. त्या लढ्यात आझाद गोमंतक दल होते, संघाचे स्वयंसेवक होते, संगीतकार सुधीर फडके होते. सरकारी हुकमाने आलेले सैन्य नव्हते. दिल्लीचे जाहीर धोरण तर वाटाघाटींचेच होते.

या माणसांनी परराष्ट्र धोरणाला किती वळण दिले, याचा सर्वांत सबळ पुरावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या 12 एप्रिल 1960च्या निकालपत्रात आहे. दमणहून या मुलखात जायची वाट भारतातून जाते आणि भारताने ती अडवली, अशी पोर्तुगालची तक्रार होती. पुराव्यात आला तो पेशवाईतला 1779चा पुण्याचा तह आणि 1783 व 1785च्या सनदा. न्यायालयाने त्या बारकाईने वाचल्या आणि मराठ्यांनी दिला होता तो फक्त गावांचा महसूल, सार्वभौमत्व नव्हे, असे ठरवले. आपल्या दप्तरातला सरंजामी कागद हेगमध्ये असा कामी आला, याचे मला फार अप्रूप आहे.

तरीही सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीमुळे खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क मिळाला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला.

मग खरा प्रश्न आला: दादरा पडल्यावर पोर्तुगालच्या शिष्टमंडळाला भारताने जाऊ दिले नाही, ते चूक होते का? न्यायालयाने घटनाक्रम पाहिला. दादऱ्यातली सत्ता उलथली, त्यामुळे भोवतालच्या भारतीय मुलखात तणाव पसरला, आणि अशा वेळी वाट रोखणे भारताच्या अधिकारात होते. नऊ विरुद्ध सहा मतांनी भारत निर्दोष ठरला. म्हणजे सरकारने नकारासाठी जे कारण दिले, ते स्वयंसेवकांनीच निर्माण केले होते. धोरण कृतीमागून आले, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

मुक्त मुलखाचा कारभार वरिष्ठ पंचायतीकडे राहिला. 12 जून 1961 रोजी तिने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर सही करण्यासाठी सनदी अधिकारी बदलानी यांना एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान नेमण्यात आले, आणि 11 ऑगस्ट 1961 पासून, दहाव्या घटनादुरुस्तीने, दादरा व नगर हवेली भारताचा भाग झाली.