रोहिणीचे पाणी आणि गंगेचे मैदान

वर्षावासात आपल्या विहारात परमपूज्य बाबासाहेबांच्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आला की कुणीतरी विचारतेच, "हिमालयाच्या पायथ्याशी पाण्याला काय तोटा? तिकडं पाण्यावरून कशापायी भांडतील?" काही विद्वान मंडळीही म्हणतात की, गृहत्यागाचे हे कारण बाबासाहेबांनी आपल्या मनचे घातले. म्हणून आम्ही म्हटले, आधी जमीन बघू.

आपल्या दख्खनच्या नद्या काळ्या खडकावरून वाहतात. गंगेचे मैदान म्हणजे नुसता गाळ, हिमालयातील नद्यांनी लाखो वर्षे आणून टाकलेला, कित्येक ठिकाणी हजारो फूट खोल. उतार म्हणाल तर नावालाच. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंच, आणि रेल्वेने १,००० कि.मी. पूर्वेला गेलो तरी पाटणा सुमारे ५३ मीटर.

पण डोंगराच्या कडेची गोष्ट वेगळी. तिथे पहिला पट्टा गोट्या-वाळूचा, त्याला भाबर म्हणतात. लहान ओढे त्यात जिरून जातात. त्याच्या खाली तराई. जिरलेले पाणी तिथे वर येते, दलदल होते. लुंबिनी, कपिलवस्तू हा मुलूख तराईतला. गंडक, घाघरा या बर्फाच्या नद्या, उन्हाळ्यातही भरलेल्या. रोहिणी तशी नाही! ती पायथ्याच्या चुरिया टेकड्यांतून निघते, बर्फाचा तिला आधार नाही. पावसाळ्यात दुथडी भरून वाहते, उन्हाळ्यात आटत जाते.

आता पाली अट्ठकथा काय सांगते पाहा. दोन्ही गणांत नदीवर बंधारा एकच. महिना ज्येष्ठाचा, पिके सुकायला लागलेली. दोन्हीकडचे शेतमजूर बंधाऱ्यावर जमले. पाणी वाटून घेतले तर कुणालाच पुरणार नाही, आमचे पीक एका पाण्यात निघेल, आम्हाला द्या, असे दोघेही म्हणाले. शब्दाने शब्द वाढला, मजुरांचे भांडण राजकुळांपर्यंत गेले. अट्ठकथेत तथागत येऊन ते मिटवतात. बाबासाहेबांनी हा तंटा सिद्धार्थाच्या तरुणपणी ठेवला.

जमिनीवरून गृहत्यागाचे कारण सिद्ध होत नाही, हे आम्ही मान्य करतो. पण तिकडे पाण्यावरून भांडण होणारच नाही, हे म्हणणे साफ खोटे पडते. आणि लिहिणारा माणूस कोण? १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी प्यायलेला, १९४२ ते १९४६ या काळात दिल्लीत मजूरमंत्री म्हणून पाटबंधाऱ्यांचे काम पाहिलेला. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने म्हातारा, आजारी, मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, ही गोष्ट त्यांना पटली नाही. आम्हालाही पटत नाही.

ती नदी आजही आहे. तिकडे तिला रोहिन म्हणतात. नेपाळातून उतरून ती गोरखपूरजवळ राप्तीला मिळते, राप्ती घाघरेला, आणि घाघरा छपऱ्याजवळ गंगेला.