रिकामी कबर

थोर पुरुषाच्या समाधीपाशीं लोक जातात ते तेथें कांहींतरी आहे या भावनेनें. देह असो, अस्थि असोत, पादुका असोत, निदान त्या देहाला लागलेली माती असो. त्या पुरुषाचें कांहींतरी तेथें उरलें आहे आणि मस्तक टेकलें असतां त्यांतलें थोडें आपल्यालाहि लाभेल, अशी श्रद्धा असते. ख्रिस्ती लोक या भावनेस अपवाद नाहींत. जुन्या गोव्यांत फ्रान्सिस झेवियरच्या शवाच्या दर्शनास लोटणारी गर्दी आपल्या परिचयाची आहे. परंतु ज्याच्या नांवानें हा धर्म चालतो, त्याची म्हणून जी कबर यरुशलेमांत दाखवितात, तिची गोष्ट अगदीं उलट आहे. यात्रेकरू वांकून एका ठेंगण्या दारांतून आंत शिरतो, संगमरवरी शिळेला ओठ लावतो आणि बाहेर येतो. त्या शिळेखालीं कोणी नाहीं, हेंच त्या यात्रेचें फळ. तेथें अस्थि निघाल्या असत्या तर यात्राच संपली असती.

या मंदिराला दोन नांवें आहेत. लॅटिन परंपरेचे लोक त्याला 'पवित्र कबर' म्हणतात. ग्रीक लोक 'अनास्तासिस', म्हणजे पुनरुत्थान, म्हणतात. वास्तु एक, दगड तेच. पण एकानें नांव ठेवलें तें स्थळावरून, दुसऱ्यानें घटनेवरून. रिकाम्या कबरेचा ख्रिस्ती मनाला अर्थ काय, या प्रश्नाचें उत्तर या दोन नांवांमधील अंतरांत शोधावें असें आम्हांस वाटतें.

पहिल्यानें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ख्रिस्ताला कबरेंतून उठतांना कोणीं पाहिलें, असें चार शुभवर्तमानांपैकीं एकहि सांगत नाहीं. वधस्तंभावरील मृत्यूचा प्रहर सांगितला आहे, जवळ कोण होतें तें सांगितलें आहे, कपडे कसे वांटून घेतले तेंहि सांगितलें आहे. उठण्याच्या क्षणाविषयीं मात्र मौन आहे. सर्वांत जुना लेखी उल्लेख तर शुभवर्तमानांतला नव्हेच, तो पौलाच्या पत्रांतला. करिंथ येथील मंडळीस त्यानें इ. स. ५५ च्या सुमारास जें पत्र लिहिलें, त्याच्या पंधराव्या अध्यायांत, आपल्याला पूर्वसूरींकडून मिळालेलें म्हणून तो सांगतो कीं, ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशीं उठविला गेला. मग तो केफाला दिसला, बारा जणांना दिसला, पांचशेंहून अधिक बंधूंना एकाच वेळीं दिसला, याकोबाला दिसला आणि सर्वांच्या शेवटीं खुद्द पौलाला दिसला. या यादींत कबरेपाशीं गेलेल्या बायका नाहींत, लोटलेला दगड नाहीं, रिकामी जागा नाहीं. पुरला आणि उठला असें म्हणणाऱ्या यहुदी माणसानें कबर रिकामी झाल्याचें गृहीतच धरलें असणार, असें पुष्कळ विद्वान् म्हणतात व तें आम्हांस पटतें. तरी त्यानें कबरेला साक्षीस बोलाविलेलें नाहीं, हें खरेंच. त्याचा भर भेटीवर आहे.

मार्काच्या शुभवर्तमानांत कबर आहे; पण ती कोणाची खात्री पटवीत नाहीं. तिघी बायका सुगंधी द्रव्यें घेऊन पहाटे जातात, दगड बाजूला झालेला पाहतात, आंत बसलेला शुभ्रवस्त्रधारी तरुण त्यांना जें सांगावयाचें तें सांगतो, आणि त्या थरथर कांपत पळत सुटतात. भीतीनें त्यांची वाचाच बसते. चौथ्या शतकांतील ज्या दोन हस्तलिखितांना अभ्यासक विशेष मान देतात, एक सिनाई पर्वतावरील मठांत सांपडलेलें आणि दुसरें व्हॅटिकनमधील, त्यांत हें शुभवर्तमान येथेंच थांबतें. पुढचीं बारा वचनें मागाहून जोडलेलीं आहेत असें आज बहुतेक मानतात. जोडणाऱ्याला दोष देववत नाहीं; भेदरलेल्या बायकांवर आनंदवार्तेची अखेर कोण करील?

बायकांची साक्ष ही त्या काळीं किती हलकी समजली जाई, तें योसेफस या यहुदी इतिहासकारावरून कळतें. स्त्रियांची साक्ष घेऊं नये असा नियमच तो नमूद करतो. दुसऱ्या शतकांतील केल्सस या पंडितानें तर एका वेडावलेल्या बाईच्या शब्दावर उभारलेला धर्म म्हणून ख्रिस्ती लोकांची मनसोक्त थट्टा केली. कथा रचलेली असती तर असे साक्षीदार कोणी निवडले नसते, हा ख्रिस्ती लेखकांचा नेहमींचा युक्तिवाद आहे, आणि त्यांत बळ आहे. आम्हांस मात्र अधिक महत्त्वाचें वाटतें तें असें, कीं बायकांवर प्रथम अविश्वास दाखविला तो शिष्यांनींच. लूक तें लपवीत नाहीं. योहानाच्या कथेंत मरीया मग्दालीया रिकामी कबर पाहते तेव्हां तिच्या मनांत पुनरुत्थान येत नाहीं. कोणीतरी प्रेत नेलें असें तिला वाटतें आणि ती रडूं लागते. समोर उभ्या असलेल्या ख्रिस्ताला ती माळी समजते. ओळख पटते ती नांवानें हाक ऐकल्यावर. मत्तय तर सांगतो कीं, शिष्यांनींच रात्रीं प्रेत पळविलें असा प्रवाद आपल्या काळपर्यंत चालू आहे. म्हणजे कबर रिकामी असल्याविषयीं त्या वादांत दोन्ही पक्षांचें एकमत, भांडण कारणाविषयीं! रिकाम्या जागेला स्वतःचें तोंड नसतें.

तिला बोलकें करण्याची हौस आधुनिक काळांतहि सुटलेली नाहीं. थडग्यांची मोडतोड करणाऱ्यास देहांत शिक्षा सांगणारा एक ग्रीक शिलालेख १८७८ सालीं नासरेथहून पॅरिसला आला आणि फ्रान्स क्युमाँ यानें १९३० सालीं तो प्रसिद्ध केला. झालें! पळविलेल्या प्रेताच्या प्रवादावरूनच रोमन बादशहानें हा हुकूम काढला, असें पुष्कळांना वाटूं लागलें. २०२० सालीं त्या दगडाची रासायनिक परीक्षा झाली तेव्हां संगमरवर कोस बेटावरचा निघाला, आणि त्याचा संबंध त्या बेटावरील निकियास नांवाच्या जुलमी सत्ताधीशाच्या विटंबिलेल्या थडग्याशीं असावा असें परीक्षकांनीं सुचविलें. श्रद्धेला असल्या दगडाचा टेकू कशाला हवा होता, हें आम्हांस कधींच कळलेलें नाहीं.

मग त्या पहिल्या माणसांना 'उठणें' म्हणजे काय वाटत होतें? मेल्यावर आत्मा उरतो एवढेंच म्हणावयाचें असतें तर कबर रिकामी असण्याचें कांहींच कारण नव्हतें. यहुदी लोकांत पुनरुत्थानाची आशा बळावली ती छळाच्या काळांत. इ. स. पू. १६७ च्या सुमारास अंतियोख राजानें त्यांचा धर्म मोडण्याचा उद्योग मांडला. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथांत त्या वेळची एका आईची व तिच्या सात मुलांची कथा आहे. तिसरा मुलगा जीभ आणि हात स्वतः होऊन पुढें करतो. हे मला देवानें दिले, त्याच्याकडूनच ते परत मिळतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. परलोकाच्या सुखाची ही लालसा नव्हे. हें न्यायाचें मागणें आहे. जुलमी राजानें जो हात तोडला तोच हात देवानें परत द्यावा, नाहींतर देव न्यायी कसला? देवळाच्या कारभारांत मुरलेल्या सदूकी लोकांना ही आशा मान्य नव्हती, यांत नवल नाहीं.

या पार्श्वभूमीवर ख्रिस्ताचा मृत्यु पाहावा. वधस्तंभ ही गुलामांना व बंडखोरांना देण्याची शिक्षा. तिचा हेतु नुसतें मारणें हा नसून देहाची चव्हाट्यावर विटंबना करणें हा होता. रोमन सत्तेनें निकाल दिला, तो अमलांत आणला, आणि अरिमथाईकर योसेफानें मागून घेतलेला देह दगडाआड ठेवला गेला. तोच देह देवानें उठविला असें शिष्य म्हणूं लागले, तेव्हां त्याचा अर्थ, पिलाताचा निकाल वरच्या न्यायासनानें रद्द केला, असा होता. म्हणूनच हा देह कबरेंत उरतां कामा नये. त्याचा आत्मा अमर आहे असें कोणी म्हटलें असतें तर पिलाताचें कांहीं बिघडलें नसतें.

ग्रीकांना हें पटणें अवघड होतें. अथेन्सच्या विद्वानांनीं पौलाचें बोलणें बराच वेळ ऐकून घेतलें. मेलेल्यांच्या उठण्याचा शब्द निघाला आणि कांहींनीं थट्टा आरंभिली. सुशिक्षित ग्रीकाला देह म्हणजे बंदिवास; सुटलेल्या कैद्यानें पुन्हां तुरुंगांत कां जावें? मराठी वाचकाचीहि अडचण याच जातीची आहे. जीर्ण वस्त्रें टाकून नवीं नेसणाऱ्या आत्म्याची उपमा आपल्या हाडींमासीं खिळलेली. पौलाची उपमा निराळी आहे; ती बियाण्याची. पेरलेला दाणा नाहींसा होतो आणि जें उगवतें तें दाण्यासारखें दिसत नाहीं. तरी तें त्याच दाण्याचें असतें. येथें देह टाकावयाचा नसून पालटावयाचा आहे. फादर स्टीफन्सनें १६१६ सालीं गोव्यांत रायतूरला ख्रिस्तपुराण छापविलें, तेव्हां स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यास तो कचरला नाहीं, सुमारें अकरा हजार ओव्यांत त्यानें मराठीचें सारें पौराणिक वैभव कामास लावलें. पण तिसऱ्या दिवसाच्या कथेला आयती चौकट मराठींत नव्हती. अवतार संपवून निजधामास जाणें हें नव्हे, समाधि नव्हे, पुनर्जन्म तर नव्हेच. 'पुनरुत्थान' हा पुढें रूढ झालेला शब्द अजूनहि आपल्या कानाला किंचित् परका वाटतो. तो तसा वाटावा हेंच योग्य आहे.

या श्रद्धेचा खरा अर्थ तिच्या शत्रूंनीं अचूक ओळखला होता. इ. स. १७७ मध्यें गॉल देशांतील ल्योन येथें ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. तेथील मंडळीनें लिहिलेलें पत्र युसेबियसनें आपल्या इतिहासांत जपून ठेवलें आहे. प्रेतें सहा दिवस उघड्यावर टाकलीं, मग जाळून राख ऱ्होन नदींत लोटून दिली. या लोकांना उठण्याची आशाच उरूं नये, हा उद्देश अधिकाऱ्यांनीं बोलूनहि दाखविला. जो देह परत मिळणार म्हणून माणसें मरणाला भीत नाहींत, तो देहच नाहींसा करावयाचा! ही क्रूर युक्ति होती. परंतु तिच्यांत पुनरुत्थानाच्या शिकवणीचें मर्म पुष्कळ प्रवचनकारांपेक्षां अधिक स्पष्ट झालें आहे असें आम्ही म्हणूं. पुढें पांचव्या शतकाच्या आरंभीं, रोम लुटलें गेल्यावर, ज्यांचीं प्रेतें पुरावयासहि कोणी उरलें नव्हतें त्यांच्या आप्तांसाठीं ऑगस्टीनला लिहावें लागलें, कीं कबर न मिळाल्यानें देवाचे हात बांधले जात नाहींत.

आतां पुन्हां यरुशलेमकडे वळूं. इ. स. १३५ च्या सुमारास हेड्रियन बादशहानें त्या शहराची रोमन वसाहत केली आणि कबरेची म्हणून जी जागा मानीत तिच्यावर देऊळ उभें राहिलें. सुमारें १९० वर्षांनीं कॉन्स्टंटाइननें तें पाडून खणविलें. खडकांतली एक कबर मिळाली. भोंवतालचा डोंगर तासून ती एकटी मोकळी ठेवण्यांत आली, आणि ३३५ सालीं मंदिराची प्रतिष्ठा झाली. पन्नासेक वर्षांनीं आलेल्या एगेरिया नांवाच्या यात्रेकरू बाईनें तेथील रविवारची पहाट वर्णिली आहे. कोंबडा आरवण्याच्या वेळीं बिशप कबरेपाशीं येऊन पुनरुत्थानाची कथा वाचतो, आणि लोक हुंदके देऊं लागतात. आनंदाच्या कथेला हुंदके कां? ख्रिस्तानें आपल्यासाठीं काय सोसलें हें आठवून, असें ती सांगते. जखमी देहच उठला हें त्या लोकांना कोणीं शिकवावयास नको होतें.

पुढचा इतिहास मात्र बराचसा 'पवित्र कबर' या नांवाचा आहे. १००९ सालीं अल्-हाकिम या खलिफाच्या हुकुमानें मंदिर पाडलें आणि खुद्द खडकावर घण घातले. १५ जुलै १०९९ रोजीं क्रुसेडर शहरांत घुसले, मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची कत्तल केली, आणि त्याच कबरेपाशीं जाऊन गुडघे टेकले. जी कबर कोणालाच धरून ठेवूं शकली नाहीं असें ते म्हणत होते, ती धरून ठेवण्यासाठीं त्यांनीं रस्ते रक्तानें भरले. ११८७ सालीं सलाहुद्दीननें शहर परत घेतलें. मंदिराची किल्ली आज दोन मुसलमान घराण्यांकडे असते, एकाकडे किल्ली आणि दुसऱ्याकडे दार उघडण्याचा मान. कारण आंतल्या सहा ख्रिस्ती पंथांचा परस्परांवर तेवढा विश्वास नाहीं. कोणता कोपरा कोणाचा हें तुर्की सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानानें गोठविलें आहे. दर्शनी खिडकीखालीं एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून चित्रांत दिसते. ती कोणीं हलवावी यावर एकमत नसल्यामुळें ती तेथेंच आहे. १९२७ च्या भूकंपानें खिळखिळी झालेली कबरेवरची घुमटी पडूं नये म्हणून इंग्रज सरकारनें १९४७ सालीं तिला लोखंडी तुळयांचा पिंजरा घातला. तो काढून दुरुस्ती करावयास हे पंथ एकत्र येईपर्यंत जवळजवळ ७० वर्षें गेलीं.

अखेर ऑक्टोबर २०१६ मध्यें अथेन्सच्या तंत्रविद्यापीठांतील तज्ज्ञांनीं, प्राध्यापिका अँटोनिया मोरोपूलू यांच्या देखरेखीखालीं, वरची शिळा सरकविली. तिच्याखालीं भराव निघाला, भरावाखालीं क्रूस कोरलेली दुसरी, तडकलेली शिळा, आणि तिच्याखालीं मूळ खडकांतला चुनखडीचा ओटा. या शिळेखालच्या चुन्याचा काळ पुढें इ. स. ३४५ च्या आसपास ठरला, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्या बांधकामाशीं तो जुळतो. ओट्यावर कोणी नव्हतें. सुमारें साठ तास तो उघडा राहिला, मग शिळा पूर्ववत् बसविली, आणि २२ मार्च २०१७ रोजीं घुमटी पुन्हां खुली झाली. आंतल्या संगमरवरी अस्तराला आतां एक लहानशी खिडकी ठेवली आहे. तिच्यांतून उघडा खडक दिसतो. यात्रेकरू शिळेवरून डोकें उचलून क्षणभर तिच्याकडे पाहतात, आणि बाहेर रांग मोठी असल्यामुळें दारांतला साधु त्यांना निघण्याची खूण करतो.