टोकावरचं रॉकेट

३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून सॅल्यूत-७ या अंतराळ स्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर दोघे होते: कमांडर युरी मालिशेव आणि फ्लाइट इंजिनिअर गेन्नादी स्त्रेकालोव. स्त्रेकालोव बदली म्हणून आलेले. मूळ निवड निकोलाय रुकाविश्निकोव यांची होती, पण त्यांची तब्येत बिघडली. आपल्याकडे त्या उड्डाणाच्या आठवणी निघतात तेव्हा स्त्रेकालोव यांचं नाव क्वचितच कुणी घेतं. मला मात्र त्या तिघांत आधी तेच दिसतात. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, त्याच बैकोनूरच्या प्रक्षेपण केंद्रावर, हा माणूस पेटलेल्या रॉकेटच्या माथ्यावर बसलेला होता.

त्यांना वाचवलं ते यानाच्याही वर, अगदी शेंड्यावर असलेल्या बारीक सुळक्यानं. इंजिनिअर त्याला एस्केप टॉवर म्हणतात. हेही एक रॉकेटच, पण त्याचं काम एकच: खाली काही बिघडलं तर माणसांची कुपी उपटून दूर न्यायची. उड्डाण सुरळीत झालं तर दोन-अडीच मिनिटांत ते टाकून देतात.

ही कल्पना अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस मर्क्युरी यानासाठी मॅक्स फॅजे यांनी मांडली. सोव्हिएत व्होस्तोकमध्ये युरी गागारिन यांच्यासाठी विमानासारखी बाहेर फेकणारी खुर्ची होती. १९६४ च्या व्होस्खोदमध्ये तिघांना कोंबायचं म्हणून ती खुर्चीही काढली आणि अंगावरचा स्पेससूटही. प्रक्षेपणाच्या सुरुवातीला काही घडलं असतं, तर सुटकेचा मार्गच नव्हता.

कुपी ओढण्याइतकी ताकद तयार करणं तुलनेनं सोपं होतं. खरा पेच हा होता की ओढायची वेळ आली हे ठरवायचं कुणी?

२१ नोव्हेंबर १९६० ला केप कॅनव्हरलवर रिकामं मर्क्युरी यान घेऊन रेडस्टोन रॉकेट पेटलं, जेमतेम चार इंच उचललं गेलं आणि इंजिन बंद होऊन पुन्हा जागेवर बसलं. जमिनीशी जोडलेले दोन प्लग चुकीच्या क्रमानं निघाले होते. इंजिन थांबलं म्हणजे उड्डाण संपलं, असं यंत्रणेनं धरलं. मग पुढचे सगळे सोपस्कार तिनं इमानेइतबारे पार पाडले. सुळका कुपीला तिथंच सोडून एकटाच आकाशात गेला. कुपीच्या टोकातून पॅराशूट बाहेर पडलं आणि इंधनानं भरलेल्या रॉकेटच्या अंगावर लोंबकळत राहिलं. वारा आला असता तर त्या कापडानं रॉकेट आडवं केलं असतं. बॅटऱ्या उतरेपर्यंत जवळ जाण्याची सोय नव्हती, म्हणून सगळे रात्रभर थांबले.

सोव्हिएत संघात अशाच गोंधळाची किंमत माणसाच्या जिवानं मोजली गेली. १४ डिसेंबर १९६६ रोजी सोयूझचं मानवरहित प्रक्षेपण ऐनवेळी थांबवलं गेलं. सगळं शांत झालंय असं समजून कर्मचारी रॉकेटजवळ परतले आणि साधारण अर्ध्या तासानं सुळका आपोआप पेटला. सोव्हिएत रॉकेट-अभियंते बोरिस चेर्टोक यांनी आठवणींत दिलेलं कारण वाचताना अंगावर काटा येतो. यानातले जायरोस्कोप अजून चालू होते, खाली पृथ्वी फिरत होती, आणि तिचं ते फिरणं यंत्रणेला रॉकेट कलल्यासारखं वाटलं. त्या आगीनं रॉकेटचं इंधन पेटवलं. माणसं पळाली, पण किमान एकाचा तरी जीव गेला.

आता २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. व्लादिमीर तितोव आणि स्त्रेकालोव सॅल्यूत-७ कडे निघण्याच्या तयारीत. एप्रिलमध्ये हीच जोडी त्या स्थानकाला यान जोडू न शकल्यानं हात हलवत परतली होती. उड्डाणाला साधारण दीड मिनिट असताना झडपेतल्या बिघाडानं केरोसीन सांडलं आणि तळाशी आग लागली. ज्या तारांतून सुळक्याला धोक्याचा निरोप जायचा, त्याच जळाल्या. स्वयंचलित यंत्रणा आंधळी झाली. यानात बसलेल्या दोघांना बाहेरचं काही दिसत नव्हतं आणि सुळका पेटवायचं बटणही त्यांच्या हाती नव्हतं. उरला रेडिओचा मार्ग. त्यासाठी वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोघांनी पाच सेकंदांच्या आत आपापलं बटण दाबायचं होतं. एकट्याच्या चुकीनं अनर्थ होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था. आग ओळखून आदेश जाईपर्यंत दहा-बारा सेकंद गेले. मग सुळका पेटला, पाच सेकंद जळला आणि त्या दोघांवर स्वतःच्या वजनाच्या चौदा-सतरा पट भार आला. काही क्षणांत खाली रॉकेटचा स्फोट झाला. कुपी पॅराशूटनं सुमारे चार किलोमीटरवर उतरली. तितोव यांनी पुढे सांगितलं की वर जाताना त्यांनी आधी केबिनमधला ध्वनिमुद्रक बंद केला, कारण दोघांच्या तोंडून शिव्या बाहेर पडत होत्या.

प्रक्षेपणमंच जळाला, म्हणून शर्मांचं यान दुसऱ्या मंचावरून उडालं. तिथे स्त्रेकालोव पुन्हा तशाच रॉकेटवर चढले. यापेक्षा मोठा विश्वास कुणी कशावर टाकला असेल, मला माहीत नाही.

अमेरिकेनं मात्र हा धडा मागे टाकला. स्पेस शटलच्या पहिल्या चार उड्डाणांत दोघांसाठी बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या होत्या, नंतर त्याही गेल्या. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर शटल उड्डाणातच फुटलं, तेव्हा त्यातल्या सात जणांना बाहेर पडायची काहीही सोय नव्हती. वजन आणि खर्चाची गणितं मला कळतात. तरीही हा निर्णय मनाला पटत नाही.

११ ऑक्टोबर २०१८ ला अलेक्सेई ओव्चिनिन आणि निक हेग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघाले. सुळका ठरल्याप्रमाणे टाकून झाला आणि पाठोपाठ एक बूस्टर सुटताना मुख्य टप्प्यावर आदळला. जोडणी करतानाच एक सेन्सर वाकला होता. या वेळी यंत्रणेनं बिघाड आपणहून ओळखला आणि यानाच्या आवरणावरच्या छोट्या रॉकेटांनी कुपी बाजूला काढली. पुढच्या मार्चमध्ये दोघेही स्थानकावर पोहोचले. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ज्या ड्रॅगन यानातून गेले, त्याला सुळका नाहीच. आठ इंजिनं कुपीच्या बाजूंतच बसवलेली आहेत.

आपल्या गगनयानावर मात्र सुळका आहे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी श्रीहरिकोट्यात त्याची चाचणी होती. पाच सेकंद उरले असताना संगणकानंच उलटी गणती थांबवली. कारण शोधून, दुरुस्त करून दहा वाजता रॉकेट सोडलं. सुमारे बारा किलोमीटर उंचीवर सुळक्यानं रिकामी कुपी ओढून काढली, पॅराशूटं उघडली आणि किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटरवर ती बंगालच्या उपसागरात पडली. पाण्यात ती उलटी झाली होती. नौदलाच्या डायव्हरांनी तिला गाठून दोर बांधले.