वीज नियंत्रकांसाठी सिम्युलेटर : संकटाची तालीम

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे कठीण असल्याने निर्मिती व मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. भारतात ५० हर्ट्झच्या आसपास टिकणारी वारंवारता ही या मेळाची खूण होय. ती सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्रांतील नियंत्रकांना चालू ग्रीडवर चुका करून शिकण्याची मुभा नसते. त्यासाठी ग्रीडची संगणकीय प्रतिकृती, म्हणजेच सिम्युलेटर, वापरतात. मात्र त्याचे मोल त्यावर रचलेल्या प्रसंगावर अवलंबून असते.

३० जुलै २०१२ ची घटना अशा प्रसंगासाठी बोलके उदाहरण आहे. त्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० केव्ही क्षमतेची बीना-ग्वाल्हेर वाहिनी खंडित झाली आणि उत्तर ग्रीड कोसळले. वाहिनीत बिघाड नव्हता. अतिभारालाच बिघाड समजून संरक्षक रिलेने ती तोडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा तुटली आणि उत्तर, पूर्व व ईशान्य ही तिन्ही ग्रीड ठप्प झाली. गोव्याला वीज पुरवणारे पश्चिम ग्रीड दोन्ही वेळा तगले. जादा वीज उचलणे कमी करण्याच्या सूचनांना राज्यांच्या केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही, हे चौकशी समितीने नोंदवलेल्या कारणांपैकी एक होते.

प्रसंग रचताना प्रथम उद्दिष्ट ठरवतात: येथे, वाहिनीवरील अतिभार वेळीच ओळखून तो उतरवणे. मग आरंभस्थिती मांडतात: समांतर वाहिनी सुधारणाकामासाठी बंद, उत्तरेकडून जादा उचल, पश्चिमेत जादा निर्मिती. त्यानंतर घटनांचा क्रम व वेळ बसवतात. शेजारच्या केंद्राची भूमिका प्रशिक्षक स्वतः करतो आणि दूरध्वनीवर मुद्दाम टाळाटाळीची उत्तरे देतो. शेवट आधी ठरलेला नसतो. नियंत्रकाने वेळेत भार कमी करविला, तर वाहिनी वाचते. दिरंगाई झाली, तर ग्रीड कोसळते आणि जलविद्युत केंद्रांपासून एकेक भाग पुन्हा उभा करण्याची परीक्षा सुरू होते. अखेरीस प्रत्येक निर्णयाची वेळेनुसार उजळणी होते.

म्हणूनच चांगला प्रसंग अंधारापासून नव्हे, त्याआधीच्या उजेडापासून सुरू होतो. सर्व दिवे लागलेले असताना काही भागांची वीज तोडण्याचा आदेश देणे, हाच नियंत्रकासमोरचा सर्वांत कठीण निर्णय असतो आणि तालीम त्याचीच हवी.