कुत्र्यांमधील तीव्र स्वादुपिंडदाहाचे सोनोग्राफीद्वारे निदान : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : मांजरसुंबा परिसर, जि. बीड)

प्रस्तावना

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले मांजरसुंबा हे बीड तालुक्यातील गाव धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोदा-केज रस्ता यांच्या चौफुलीवर आहे. परिसरातील शेती कोरडवाहू असून शेळ्या-मेंढ्या व बैल हे येथील मुख्य पशुधन होय. या पशुधनाची राखण कुत्रा करतो. मात्र पशुधनाच्या हिशेबात त्याला स्थान नाही. अशा कुत्र्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या, पोट दुखू लागले आणि त्याने अन्न सोडले, तर विषबाधा किंवा पार्व्हो विषाणूचा संसर्ग हीच कारणे प्रथम मनात येतात. तीव्र स्वादुपिंडदाहाचा विचार सहसा मागे पडतो. असे का घडते, याचे उत्तर या रोगाच्या निदानाच्या इतिहासात सापडते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

स्वादुपिंडाचे ज्ञान आणि कुत्रा

स्वादुपिंडाविषयीचे आधुनिक ज्ञान मोठ्या प्रमाणात कुत्र्यांवरील प्रयोगांतून मिळाले आहे. क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1856 मध्ये कुत्र्यांच्या स्वादुपिंडनलिकेत पित्त व ऑलिव्ह तेल सोडून दाह निर्माण करता येतो, हे दाखविले. 1889 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे फॉन मेरिंग व मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यावर मधुमेह होतो, हे सिद्ध केले. टोरांटो येथील बँटिंग व बेस्ट यांचे 1921 मधील इन्सुलिनविषयक प्रयोगही कुत्र्यांवरच झाले. म्हणजे या शास्त्रात कुत्रा आधी प्रयोगाचे साधन म्हणून आला. रुग्ण म्हणून त्याचा विचार पुष्कळ उशिरा झाला.

श्राव्यातीत ध्वनीचा पशुवैद्यकात प्रवेश

ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात श्राव्यातीत ध्वनीद्वारे पोटातील गाठींच्या तपासणीवरील निबंध प्रसिद्ध केला. पशुवैद्यकात हे तंत्र आले ते उत्पादक पशूंच्या निमित्ताने. 1966 मध्ये लिंडाल यांनी मेंढ्यांमधील गर्भनिदानासाठी, तर 1980 मध्ये पामर व ड्रियाँकूर यांनी घोड्यांच्या माद्यांमधील गर्भतपासणीसाठी त्याचा उपयोग केला.

कुत्र्याच्या स्वादुपिंडाकडे हे तंत्र वळले ते 1983 मध्ये. नायलंड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने निर्माण केलेल्या तीव्र दाहाची सोनोग्राफीतील लक्षणे नोंदविली. म्हणजे या टप्प्यावरही सुरुवात प्रयोगशाळेतील कुत्र्यापासूनच झाली. सुजलेले व पडद्यावर काळपट दिसणारे स्वादुपिंड, त्याभोवतीची अधिक उजळ दिसणारी चरबी, जवळपास साठलेला द्रव आणि जाड झालेली आद्यांत्राची भित्ती ही लक्षणे आज निदानाचा आधार मानली जातात.

चित्राची मर्यादा

1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या रोगाने दगावलेल्या 70 कुत्र्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. सोनोग्राफी झालेल्या 34 पैकी 23 कुत्र्यांत, म्हणजे सुमारे 68 टक्के प्रकरणांत, तिने निदानास पुष्टी दिली. क्ष-किरण चित्रांबाबत हे प्रमाण सुमारे 24 टक्केच होते. सोनोग्राफी सरस ठरली, पण जवळजवळ एक-तृतीयांश रुग्णांत तीही अपुरी पडली.

याची कारणे शरीररचनेतच आहेत. स्वादुपिंडाची उजवी शाखा आद्यांत्रालगत, तर डावी जठराच्या मागे असते. जठर-आतड्यांतील वायू ध्वनिलहरींना अडवितो आणि दुखऱ्या पोटावर शोधक दाबून धरणे कठीण जाते. रोगाच्या प्रारंभी चित्र निर्दोषही दिसू शकते. उलट रक्तातील प्रथिने घटल्यामुळेही स्वादुपिंडास सूज येऊ शकते. म्हणूनच पुढील काळात कुत्र्यांच्या स्वादुपिंडातील लायपेजचे रक्तातील प्रमाण मोजणारी चाचणी विकसित झाली. लक्षणे, रक्तचाचणी व चित्र यांचा एकत्रित विचार ही आजची मान्य पद्धती आहे.

मांजरसुंबा परिसर : संस्था आणि अंतर

मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय 1886 मध्ये स्थापन झाले. परंतु बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील पशुवैद्यक महाविद्यालय 1946 मध्ये सुरू झाले. मराठवाड्यात परभणी येथे 1972 मध्ये व उदगीर येथे 1987 मध्ये महाविद्यालये स्थापन झाली. दोन्ही ठिकाणे मांजरसुंब्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत. ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांची रचना गाय, बैल, शेळी यांच्या गरजांभोवती झाली. ऊसतोडीसाठी बैलजोडीसह स्थलांतर करणाऱ्या जिल्ह्यात हा प्राधान्यक्रम स्वाभाविक होता. पण त्यात कुत्रा वगळला गेला.

स्थानिक परिस्थितीत या रोगाची शक्यता गौण मानता येत नाही. स्निग्ध अन्न हे त्याचे एक परिचित कारण असून महामार्गावरील उपाहारगृहांचे उष्टे खाणाऱ्या कुत्र्यांबाबत ते लक्षात घ्यावे लागते. काही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांमुळे कुत्र्यांत स्वादुपिंडदाह होतो, हे 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगांतून दिसून आले. कापूस पिकविणाऱ्या भागात विषबाधा आणि स्वादुपिंडदाह ही दोन निदाने परस्परविरोधी समजणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

यंत्र आणि कायदा

ग्रामीण दवाखान्यात सुवाह्य सोनोग्राफी यंत्र द्यावे, ही सूचना सोपी वाटते. परंतु गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या अधिनियमात 2003 पासून समाविष्ट असलेली तरतूद नोंदणी नसलेल्या व्यक्तीस असे यंत्र विकण्यास मनाई करते. या तरतुदीचा निकष रुग्ण कोण हा नसून गर्भाचे लिंग ओळखण्याची यंत्राची क्षमता हा आहे. बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या 2001 मध्ये 894 होती. 2011 मध्ये ती 807 पर्यंत घसरली. अशा जिल्ह्यात यंत्रांवरील कडक देखरेखीला अडथळा म्हणता येत नाही. पशूंसाठीच्या यंत्राचे नियोजनही नोंदणी व उत्तरदायित्व यांपासूनच सुरू झाले पाहिजे.

समारोप

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. स्वादुपिंडाचे ज्ञान ज्या प्राण्याच्या देहावर उभे राहिले, त्याच्यापर्यंत त्या ज्ञानाचा लाभ सर्वांत उशिरा पोचला. तसेच यंत्र आले म्हणजे निदान आले, असेही नाही. चित्र वाचणारा प्रशिक्षित डोळा आणि रोगाचा संशय घेणारे मन यांची गरज त्याआधी असते. यंत्र उपलब्ध नसतानाही शिरेवाटे द्रव देणे, वेदनाशमन, उलटी रोखणे आणि दीर्घ उपवासाऐवजी सोसेल तितक्या लवकर आहार सुरू करणे हे उपचार पशुवैद्यकाच्या हाती असतात. मात्र त्यासाठी या रोगाचे नाव त्याच्या विचारात आधी यावे लागते. परभणी व उदगीर येथील अध्यापनातून ग्रामीण पशुवैद्यकापर्यंत ही जाणीव पोचली, तर वाडीवरील राखणदाराचे ऋण काही अंशी फिटेल.