आज्ञेचें उदाहरण

एखाद्या शास्त्रावरील अथवा यंत्रावरील मार्गदर्शक पुस्तक हातीं आलें म्हणजे वाचक त्यांतील नियम आधीं वाचतो कीं उदाहरण? खरें उत्तर द्यावयाचें तर बहुतेक वाचक प्रथम उदाहरण शोधतात, तें आपल्या कामाशीं बरेंचसें जुळलें कीं त्याची नक्कल करितात, आणि नक्कल फसली तरच नियमाकडे वळतात. पुस्तकें लिहिणारे विद्वान् मात्र आपली सारी बुद्धि नियमावर खर्च करितात आणि उदाहरण शेवटीं, जागा उरल्यास, घालतात. या विषम व्यवहाराचा इतिहास फार जुना आहे. परंतु आज तो सर्वांत ठळक दिसतो तो संगणकाच्या आज्ञांच्या मार्गदर्शिकेंत. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

युनिक्स नांवाची संगणक-व्यवस्था अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनीं सहकाऱ्यांसह उभारली. तिच्या मार्गदर्शिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. वाचकांच्या खिशांतील फोनसुद्धां आज त्याच कुळांतल्या अथवा त्या धर्तीवर रचलेल्या व्यवस्थेवर चालतात, तेव्हां हा ग्रंथ केवळ तज्ज्ञांच्या कपाटांतील वस्तु समजूं नये. प्रत्येक आज्ञेस एक पान, आणि पानावर ठराविक मथळे: नांव, रचना, वर्णन, संबंधित फाईली, आणखी काय पाहावें, दोष, आणि शेवटीं त्या आज्ञेचा धनी कोण. 'दोष' हा मथळा पहिल्या दिवसापासून ठेवणाऱ्या ग्रंथकारांविषयीं आदर वाटल्यावांचून राहत नाहीं. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत तो सांपडेल? परंतु या नेहमींच्या मथळ्यांत उदाहरणास स्थान नव्हतें. त्याचें कारणही उघड आहे. पुस्तक वाचणारे आणि लिहिणारे एकाच इमारतींत बसत. शंका आली तर पानावर ज्याचें नांव आहे त्याच्या दारावर टकटक करावी. जेथें गुरु शेजारच्या खोलींत असतो तेथें उदाहरणाचें काम तोच करतो.

सातव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे १९७९ पर्यंत, युनिक्स पुष्कळ विद्यापीठांत पोंचलें होतें आणि गुरु शेजारीं राहिला नव्हता. कांहीं पानांवर उदाहरण आलें होतें तें अशा वेळीं. त्यांपैकीं 'फाइंड' या आज्ञेचें उदाहरण मोठें मार्मिक आहे. फाइंड म्हणजे शोध. सांगितलेल्या लक्षणांच्या फाईली कोठें आहेत तें ही आज्ञा धुंडाळते आणि सांपडलेल्या प्रत्येक फाईलीवर दुसरी एखादी आज्ञा चालवूं शकते. पानावरील उदाहरणाचा मराठींत अर्थ असा: संगणकाच्या मुळापासून आरंभ करून, 'ए डॉट आउट' या नांवाच्या अथवा ज्यांच्या नांवाच्या शेवटीं 'डॉट ओ' आहे अशा, आठवडाभर कोणी न वापरलेल्या सर्व फाईली पुसून टाक. त्या काळीं साठवणीची जागा महाग होती, आणि या फाईली पुन्हां सहज तयार करतां येत. म्हणून जाणत्या मनुष्यास हें उदाहरण अगदीं रोजच्या कामाचें होतें. पण नवख्याच्या हातीं शोधाच्या आज्ञेचें उदाहरण म्हणून काय पडलें? संहाराचें! त्यांतही 'अथवा'ने जोडलेल्या दोन लक्षणांभोंवतीं जे कंस आहेत त्यांवर अर्थाचा सारा भार आहे. नक्कल करतांना ते गळले तर पुसण्याचा हुकूम केवळ दुसऱ्या प्रकारच्या फाईलींस लागतो आणि पहिल्या प्रकारच्या जागच्या जागीं राहतात. कंस कां घातले तें उदाहरण सांगत नाहीं. समासाचा विग्रह चुकला म्हणजे काय होतें हें ज्यांनीं परीक्षेंत भोगलें आहे त्यांस यापुढें निराळें सांगावयास नको.

व्याकरणाचा उल्लेख सहज आला असें वाटेल, पण तो सहज नाहीं. उदाहरण म्हणजे नियमाचा अलंकार नव्हे, हें आपल्या वैयाकरणांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत पतंजलीनें सूत्राचें व्याख्यान कशास म्हणावें याची चर्चा केली आहे. सूत्रांतील पदें सुटीं करून दाखविलीं म्हणजे व्याख्यान झालें असें नव्हे. उदाहरण, प्रत्युदाहरण आणि सूत्रांत न आलेल्या शब्दांची पूर्ति, हीं सर्व मिळून व्याख्यान होतें, असा त्याचा अभिप्राय आहे. प्रत्युदाहरण म्हणजे जेथें नियम लागत नाहीं तें स्थळ. हा एक शब्द जरी संगणकाच्या ग्रंथकारांच्या कानीं वेळेवर पडता तरी पुष्कळांच्या फाईली वाचत्या.

याच महाभाष्यांतील एका उदाहरणाचा पुढील प्रवास इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. पण त्याकडे आपल्या प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीनें फारसें कोणी पाहिलेलें दिसत नाहीं. संस्कृतांत भूतकाळाचीं रूपें एकाहून अधिक आहेत. बोलणाऱ्यानें स्वतः पाहिलेली नाहीं, पण लोकांत प्रसिद्ध आहे आणि त्याच्या हयातींत घडल्यामुळें त्यानें मनांत आणलें असतें तर पाहतां आली असती, अशा घटनेसाठीं कोणतें रूप वापरावें, याविषयीं कात्यायनाचें एक वार्तिक आहे. त्यावर पतंजलीनें उदाहरणें दिलीं तीं यवनानें साकेतास वेढा घातल्याचीं आणि यवनानें माध्यमिकेस वेढा घातल्याचीं. नियमाचें मर्मच असें कीं घटना वक्त्याच्या काळांतली असली पाहिजे. अर्थात् यवनांची ती स्वारी पतंजलीच्या हयातींत झाली, आणि म्हणून पतंजलि इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतला, असें अनुमान निघालें. गोल्डस्टुकर यांनीं १८६१ सालीं आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८७२ सालीं या उदाहरणाचा असा उपयोग केला. नियमानें काळाविषयीं एक अक्षर सांगितलें नव्हतें. काळ सांपडला तो उदाहरणांत.

आतां पुढची गोष्ट. सातव्या शतकाच्या सुमारास जयादित्य आणि वामन यांनीं काशिकावृत्ति रचली. त्यांनीं हाच नियम घेतला आणि उदाहरणही तेंच ठेवलें. म्हणजे आठशें वर्षांपूर्वींची घटना 'वक्त्यास पाहतां आली असती' या सदराखालीं विद्यार्थ्यांपुढें आली! परंपरेविषयींचा आदर समजूं शकतो. पण नियमाच्या दृष्टीनें हें उदाहरण केव्हांच मेलें होतें. दुसऱ्या शाखांच्या वैयाकरणांनीं मात्र जुनें उदाहरण काढून आपल्या काळचें घातलें. चांद्र व्याकरणाच्या वृत्तींत हूणांच्या पराभवाचें वाक्य आहे. विजेता कोण याविषयीं पाठभेदाचा वाद आहे. हस्तलिखितांतला शब्द 'जर्त', आणि कित्येक विद्वानांच्या मतें मूळ 'गुप्त'. जैन वैयाकरण शाकटायन राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या आश्रयास होता. त्यानें आपल्या अमोघवृत्तींत अमोघवर्षानें शत्रूंस जाळल्याचें उदाहरण दिलें, आणि प्रो. काशीनाथ बापूजी पाठक यांनीं त्यावरून शाकटायनाचा काळ नवव्या शतकांत बसविला. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें त्याच जागीं, आपला आश्रयदाता सिद्धराज जयसिंह यानें अवंतीस वेढा घातल्याचें वाक्य लिहिलें. नियम तोच, परंतु शतकागणिक उदाहरण नवें! राजाची मर्जी राखण्याचा हेतु त्यांत नसेलच असें नाहीं. तथापि तो हेतु शास्त्राच्या आड आला नाहीं, उलट शास्त्राच्या कामीं आला.

इतिहासकारानें काशिकाकारांचे आणि हेमचंद्राचे सारखेच आभार मानले पाहिजेत. पहिल्यांनीं जुनें जतन केलें, दुसऱ्यानें नव्या काळाची साक्ष ठेविली. परंतु विद्यार्थ्याच्या बाजूनें विचार केला तर माझें मत हेमचंद्राकडे पडतें.

उदाहरण खऱ्या नांवांचें असावें कीं रिकाम्या जागांचें, हा दुसरा जुना वाद. गुजराथेंत लेखपद्धति नांवाचा एक संस्कृत संग्रह झाला. तो १९२५ सालीं गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्यें बडोद्यास छापला गेला. दानपत्र, खरेदीखत, गहाणखत, राजाज्ञा, खासगी पत्रें, यांचे मसुदे त्यांत आहेत, आणि नांवाच्या जागीं पुष्कळदां 'अमुक' असतें. पण एका तहनाम्यांत 'अमुक' नाहीं. देवगिरीचा यादव राजा सिंघण आणि गुजराथचा लवणप्रसाद यांच्यांतील तो करार आहे, आणि तिथि आहे विक्रम संवत् १२८८ ची वैशाख शुद्ध पौर्णिमा. दोघांनीं आपापल्या हद्दींत राहावें, एकमेकांवर चालून जाऊं नये, आणि तिसरा शत्रु आला तर परस्परांस साह्य करावें, असा त्याचा मथितार्थ. हा खरा तह होता कीं लेखकूंस शिकविण्यासाठीं रचलेला नमुना? डॉ. भांडारकरांनीं दक्षिणेच्या प्राचीन इतिहासांत या मसुद्याची दखल घेतली आणि त्यामागें खरा तह असावा असें मानलें. तो त्यांचा तर्क मला पटतो. केवळ नमुनाच द्यावयाचा तर 'अमुक' हाताशीं होताच. देवगिरीहून गुजराथेकडे जाणाऱ्या वाटांवरच आमचें बागलाण आहे, तेव्हां त्या वैशाखी पौर्णिमेशीं येथल्या लोकांचा जीव गुंतलेला असणार, हेंही जातां जातां मनांत येतें. आपल्याकडे हेमाद्रीच्या नांवावर चालत आलेलें मेस्तक याच जातीचें: कोणास कोणता मायना लिहावा हें तें नमुन्यानें दाखवितें.

प्रत्युदाहरणाचें मराठींतील सर्वांत जिवंत स्थळ मात्र कोणत्याही पद्धतिग्रंथांत नसून एका हुकुमांत आहे. १६७३ सालीं चिपळुणाकडील छावणीच्या अधिकाऱ्यांस शिवाजी महाराजांच्या दरबारांतून गेलेलें पत्र पुष्कळांनीं वाचलें असेल. दाणा-वैरण जपून वापरा, रयतेस त्रास देऊं नका, आग सांभाळा, एवढीं तीन वाक्यें लिहून पत्र पुरें करतां आलें असतें. तसें झालें असतें तर आज तें कोणाच्या स्मरणांतही नसतें. पत्र लिहिणारानें पुढचें चित्र काढलें: रात्रीं दिवा जळता राहिला, उंदरानें पेटती वात ओढून नेली, ती गवतांत पडली, गंज्या पेटल्या, आणि मग घोडीं उपाशीं. नियम कोणत्या वाटेनें मोडतो तें या उंदरानें दाखविलें. आज्ञा देणाऱ्यानें आज्ञा पाळणाऱ्याच्या बिऱ्हाडांत मनानें एक रात्र काढली होती, असेंच तें पत्र वाचतांना वाटतें.

आणि असाच उंदीर संगणकाच्या मार्गदर्शिकेंत पुढें शिरला. फाइंड या आज्ञेची जी प्रत आज लिनक्स व्यवस्थेंत प्रचलित आहे, ती ग्नू प्रकल्पाची. तिच्या पानावर उदाहरणांचा चांगला मोठा भाग आहे. त्यांत प्रथम एक साधी रीत दिली आहे: तात्पुरत्या कप्प्यांत 'कोर' नांवाच्या फाईली शोध आणि त्यांची यादी पुसणाऱ्या आज्ञेच्या हवालीं कर. त्याखालीं लगेच इशारा आहे कीं नांवांत मोकळी जागा अथवा अवतरणचिन्ह असेल तर ही रीत चुकीचें काम करील. कां, तें पाहण्यासारखें आहे. समजा, 'जुनीं पत्रें' या नांवाच्या फोल्डरांत अशी एक फाईल सांपडली. यादी वाचणारी आज्ञा मोकळ्या जागेवर शब्द तोडते. तिच्या लेखीं 'जुनीं' ही एक फाईल आणि 'पत्रें' येथून सुरू होणारी दुसरी. आतां त्या कप्प्यांत 'जुनीं' नांवाची एखादी निरपराध फाईल खरोखरच असेल तर तिचा अंत झाला! म्हणून त्याखालीं दुसरी, अधिक सुरक्षित रीत दिली आहे. तींत दोन नांवांच्या मध्यें मोकळ्या जागेऐवजीं, कोणत्याही नांवांत येऊंच शकत नाहीं असें शून्य-चिन्ह ठेवितात. चुकीचें उदाहरण काढून टाकलें नाहीं. तें कां चुकतें तें सांगून शेजारीं बरोबर उदाहरण ठेविलें. काशिका आणि हेमचंद्र दोघेही येथें एकाच पानावर नांदतात.

हा सारा खटाटोप कोणासाठीं? सटाण्यासारख्या तालुक्याच्या गांवीं जो मुलगा अथवा मुलगी एकट्यानें संगणक शिकते तिच्यासाठीं. तिच्या शेजारच्या खोलींत डेनिस रिची बसलेले नाहींत. पान इंग्रजींत, वर्णन आटोपशीर, शब्द अपरिचित. तिला खरा आधार त्या तीन ओळींच्या उदाहरणाचा. तें निष्काळजीपणें लिहिलें असेल तर तिचें महिन्याचें काम एका क्षणांत जातें, आणि दोष तिच्याच पदरीं येतो. नमुन्याची सत्ता किती असते हें आमच्या गांवास तसें नवें नाहीं. येथल्या तहसील कचेरींत गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा यांची जोडी म्हणजे शेतकऱ्याचा सातबारा. 'नमुना' हा शब्दच तेथें दस्तऐवजाचें नांव होऊन बसला आहे. याच कचेरींतले यशवंतराव भोसेकर यांनीं १८७०-७१ च्या दुष्काळांत सरकारी खजिना लोकांस वांटला अशी आख्यायिका आहे, आणि देव मामलेदार म्हणून त्यांची यात्रा आजही मार्गशीर्षांत भरते. त्या कृत्यास कोणत्याही पुस्तकांत नमुना नव्हता, हा भाग निराळा.

२०१३ पासून जगभरच्या स्वयंसेवकांनीं 'टीएलडीआर पेजेस' या नांवानें निराळाच संग्रह आरंभिला आहे. त्यांत वर्णन जवळजवळ नाहीं. प्रत्येक आज्ञेस एकदोन ओळींची ओळख आणि मग थोडींशीं उदाहरणें, तींही रोज लागणारीं. वाचकानें जेथें आपलें नांव घालावयाचें ती जागा दुहेरी महिरपी कंसांत दाखवितात. लेखपद्धतीच्या 'अमुक'चाच हा अवतार. फरक इतकाच कीं 'अमुक' म्हणजे काय तें त्या काळच्या कारकुनास सांगावें लागत नसे. नवशिके विद्यार्थी तो महिरपी कंस कंसासकट टंकलिखित करितात, आणि अशी फाईल येथें नाहीं एवढेंच उत्तर यंत्राकडून येतें.