वर्गणीतून भांडवल : उत्तर फिलाडेल्फियातील उद्योगसंगोपनाचा इतिहास

नव्याने व्यवसायात पडणाऱ्या माणसास जागा, सल्ला व पत ही तिन्ही साधने एकाच छपराखाली मिळवून देणाऱ्या संस्थेस इंग्रजीत अंडी उबवणाऱ्या यंत्राचे नाव मिळाले आहे. हे नाव न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया या लहान शहरी रूढ झाले. शेतीची अवजारे बनवणारा तेथील मोठा कारखाना बंद पडल्यावर त्याची अवाढव्य इमारत घेणारा एकही मोठा भाडेकरू मिळेना. तेव्हा १९५९ मध्ये जोसेफ मँक्यूसो यांनी ती इमारत विभागून लहान लहान व्यावसायिकांना देण्यास आरंभ केला. त्या भाडेकरूंत कोंबडीची पिल्ले उबवणारी एक संस्था होती आणि तिच्यावरून त्या वास्तूला विनोदाने दिलेले नाव पुढे एका शास्त्रीय संज्ञेच्या पदवीस चढले.

बटेव्हियाच्या या प्रयोगात काही गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. कारखाना गेला तरी तेथील माणसांच्या हाती कसब होते, बँकांची दारे त्यांना बंद नव्हती आणि त्यांचा माल घेण्यास कोणाची हरकत नव्हती. उणीव होती ती मुख्यतः जागेची व सल्ल्याची. परंतु ज्या समाजाला कसब, पत आणि बाजारपेठ ही तिन्ही पिढ्यान्‌पिढ्या नाकारण्यात आली, त्याच्या बाबतीत उद्योगाचे संगोपन कोठून सुरू करावयाचे? फिलाडेल्फिया शहराच्या उत्तर भागातील कृष्णवर्णीय वस्तीत १९६० नंतर झालेला प्रयत्न या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

पूर्वपीठिका

कृष्णवर्णीय समाजात बचतीची वृत्तीच नव्हती, असा एक समज दीर्घकाळ प्रचलित होता. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. गुलामगिरीच्या अंताबरोबर १८६५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सनदेने स्थापन झालेल्या फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकेत मुक्त झालेल्या हजारो माणसांनी आपली तुटपुंजी मिळकत ठेवली होती. १८७० मध्ये सनदेत बदल होऊन या ठेवी स्थावर मालमत्तेच्या तारणावर कर्जाऊ देण्याची मुभा मिळाली आणि पुढे बेजबाबदार कर्जवाटप, गैरव्यवहार व १८७३ चे आर्थिक संकट यांमुळे १८७४ मध्ये बँक बुडाली. त्या वेळी तिचे ६१,००० हून अधिक ठेवीदार होते व त्यांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पैसा या समाजाचा असला तरी तो कोठे गुंतवावा याचा निर्णय त्याच्या हाती नव्हता.

विसाव्या शतकात दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडील औद्योगिक शहरांत आले. १९३० नंतरच्या दशकात संघीय गृहकर्ज संस्थांनी शहरांचे जे नकाशे तयार करविले, त्यांत अशा वस्त्या तांबड्या रंगाने ‘धोक्याच्या’ म्हणून दाखविण्यात आल्या आणि तेथील घरांवर कर्ज मिळणे दुरापास्त झाले. घर हेच सामान्य माणसाचे पहिले तारण असते. तेच हिरावले गेल्यावर व्यवसायासाठी पत कोठून निर्माण होणार? उत्तर फिलाडेल्फियातील कोलंबिया अव्हेन्यूवर ग्राहक बहुतांशी कृष्णवर्णीय, तर अनेक दुकानांचे मालक वस्तीबाहेरचे श्वेतवर्णीय, अशी स्थिती होती. ऑगस्ट १९६४ मधील दंगलीत या दुकानांची मोठी हानी झाली व त्यांपैकी कित्येक पुन्हा उघडलीच नाहीत.

ग्राहकशक्ती व प्रशिक्षण

लिओन सलिव्हन (१९२२–२००१) हे १९५० पासून झायन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. त्यांच्या कार्याचा आरंभ उद्योग काढण्यापासून झाला नाही, तो ग्राहकांच्या संघटनेपासून झाला. १९६० मध्ये शहरातील सुमारे ४०० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी ‘निवडक आश्रय’ नावाची मोहीम हाती घेतली. जी कंपनी कृष्णवर्णीयांना ठरावीक पदांवर घेणार नाही, तिचा माल घेऊ नये, असे रविवारच्या प्रवचनात व्यासपीठावरून सांगितले जाई. पहिला रोख टेस्टी बेकिंग कंपनीवर होता. मागणी अगदी मोजकी होती : गाडीवरून माल विकणारे काही विक्रेते, कचेरीतील काही कारकून आणि केकवर साखरेचा थर देणाऱ्या विभागातील काही कामगार. काही आठवड्यांच्या बहिष्कारानंतर कंपनीने ती मान्य केली. पुढे सन ऑइल, ए. अँड पी. इत्यादी कंपन्यांनाही याच मार्गाने नमते घ्यावे लागले.

नोकऱ्यांचे दार उघडताच दुसरी अडचण समोर आली. जागा होत्या, परंतु त्यांस लागणारे शिक्षण घेतलेली माणसे पुरेशी नव्हती. जानेवारी १९६४ मध्ये एका ओस पडलेल्या पोलीस ठाण्याच्या इमारतीत ऑपॉर्च्युनिटीज इंडस्ट्रियलायझेशन सेंटर ही प्रशिक्षणसंस्था सुरू झाली. यंत्रकाम, विद्युत्काम वगैरे विषय शिकवण्यापूर्वी तेथे एक पूर्वतयारीचा वर्ग असे. त्यात वाचन, अंकगणित, मुलाखतीची तयारी यांबरोबर कृष्णवर्णीयांचा इतिहासही शिकवला जाई. या संस्थेचे अनुकरण लवकरच अन्य अनेक शहरांत झाले.

‘१०–३६’ योजना

तिसरा टप्पा भांडवलाचा. १९६२ मध्ये सलिव्हन यांनी पाच भाकरी व दोन मासे यांवर पाच हजारांचा समुदाय तृप्त झाल्याच्या बायबलमधील कथेवर प्रवचन केले आणि पन्नास सभासदांनी दरमहा १० डॉलर याप्रमाणे ३६ महिने वर्गणी द्यावी असे आवाहन केले. प्रत्यक्षात दोनशेहून अधिक माणसे पुढे आली. योजनेची आखणी सूक्ष्म होती. पहिल्या १६ महिन्यांची वर्गणी, म्हणजे १६० डॉलर, शिक्षणादी लोकोपयोगी कार्यासाठी स्थापन झालेल्या न्यासाकडे जाई. उरलेल्या २० महिन्यांचे २०० डॉलर प्रोग्रेस इन्व्हेस्टमेंट असोसिएट्स या नफ्याच्या तत्त्वावरील कंपनीत गुंतवले जात आणि वर्गणीदार तिचा भागधारक होई. दान आणि गुंतवणूक यांची ही सांगड म्हणजे १८७४ च्या अनुभवाला मिळालेले उत्तरच होय. या वेळी पैशाबरोबर निर्णयाचा अधिकारही वर्गणीदारांच्या समाजात राहिला.

या भांडवलातून प्रथम घरबांधणी झाली व १९६८ मध्ये नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर प्रोग्रेस प्लाझा हे व्यापारी संकुल उभे राहिले. त्यातील मुख्य भाडेकरू होती ए. अँड पी., म्हणजे ज्या कंपनीविरुद्ध पूर्वी बहिष्कार पुकारला गेला होता तीच. तेथील व्यवस्थापक कृष्णवर्णीय असावा, असा आग्रह सलिव्हन यांनी धरला. मोठ्या दुकानामुळे गिऱ्हाईक येई व त्याचा लाभ शेजारच्या लहान दुकानदारांस होई. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने येथेच होतकरू व्यावसायिकांना व्यवस्थापनाचे शिक्षण देण्याची सोय झाली. जागा, ग्राहक व सल्ला हे उद्योगसंगोपनाचे घटक अशा रीतीने एकत्र आले, परंतु ते अखेरच्या पायरीवर. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साहाय्याने प्रोग्रेस एअरोस्पेस हा कारखानाही निघाला.

मूल्यमापन

मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र संघीय कार्यालय स्थापन केले आणि ‘कृष्णवर्णीय भांडवलशाही’ हा वादाचा विषय झाला. फेडरल रिझर्व्हच्या नियामक मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य अँड्र्यू ब्रिमर यांचा आक्षेप असा होता की, वस्तीपुरत्या लहान दुकानदारीतून समाजाची आर्थिक उन्नती होणे कठीण आहे आणि मोठ्या उद्योगांतील चांगली नोकरी अनेकांना अधिक लाभदायक ठरेल. हा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. बाह्य कंत्राटांवर अवलंबून असलेला एअरोस्पेस कारखाना दीर्घकाळ टिकला नाही. संघीय निधीवर विसंबलेल्या प्रशिक्षणसंस्थांनाही १९८० नंतरच्या कपातीची झळ पोहोचली. मात्र सलिव्हन यांनी नोकरी आणि मालकी यांना परस्परविरोधी पर्याय कधीच मानले नव्हते, हेही विसरता येत नाही. त्यांच्या कार्यक्रमात नोकरी आधी आली. दरमहा १० डॉलर देऊ शकणारा वर्गणीदार हा प्रायः पगारदारच होता.

प्रोग्रेस प्लाझाचा पुढील इतिहासही सरळ नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील किराणामालाचे मोठे दुकान बंद झाले आणि सुमारे दहा वर्षे ती जागा भरली गेली नाही. तथापि जमीन व इमारत समाजाच्याच संस्थांकडे असल्यामुळे संकुल विकले गेले नाही. राज्याच्या अर्थसाहाय्याचा लाभ घेऊन त्याचे नूतनीकरण झाले व २००९ मध्ये तेथे पुन्हा मोठे दुकान उघडले.

या इतिहासावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वंचित वस्तीत केवळ इमारत उभारून व सल्लागार नेमून उद्योग उभे राहतील, ही अपेक्षा बटेव्हियासारख्या शहराच्या अनुभवावर आधारलेली आहे. जेथे ग्राहकशक्ती, कौशल्य व पत यांचीच घडण व्हावयाची असते, तेथे तिला लागू करता येत नाही. दुसरे असे की, या प्रयत्नातील बाह्य कंत्राटावर चाललेला कारखाना बंद पडला, बाह्य अनुदानावरील प्रशिक्षण आक्रसले, पण दोनशेहून अधिक सामान्य माणसांच्या वर्गणीतून घेतलेली जागा त्यांच्या समाजाकडे राहिली. उद्योगसंगोपनाच्या यशाचे मोजमाप किती दुकाने निघाली एवढ्यावरच केले, तर हा दुसरा भाग नजरेआड होण्याचा संभव आहे.